ओल आणि शील

धान्यातली ओल मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि मी बौद्ध उपासिका. मद्य न घेण्याचं पाचवं शील आमच्या घरात आजोबांपासून पाळलं जातं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं कधी वाटलं नव्हतं. एका डिस्टिलरीकडून कामाची चौकशी आली आणि त्या आल्या.

जालन्यात ओलीला मान आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे या गावात बियाण्याच्या कंपन्यांची रांगच लागली. बियाण्याचा सगळा खेळ ओलीवर चालतो. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्यात साध्या पिशवीत 12 टक्क्यांच्या वर ओल चालत नाही, हवाबंद पाकिटात 8 च्या वर चालत नाही. जास्त राहिली तर दाणा आतल्या आत तापतो, बुरशी धरतो, आणि पेरल्यावर उगवत नाही. माझी आई एका बियाणे कंपनीत निवडाईला होती. ती दाणा दाढेखाली धरायची. ‘कट्ट’ वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. सुपरवायझर मीटर घेऊन यायचे, आकडा वाचायचे, आणि आईचा अंदाज त्याच्या आसपासच असायचा.

मी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. एका बाजूला सळईची रोलिंग मिल, दुसरीकडे डाळ मिल. आम्ही ओल मोजायची यंत्रं बसवतो, जुळवतो, दुरुस्त करतो. बाजार समितीत ठेवलेल्या मीटरमध्ये मूठभर दाणे घालतात आणि दाण्यांच्या विजेच्या गुणधर्मावरून आकडा येतो. तो त्या मुठीची सरासरी असतो. ओल मोजणाऱ्या कॅमेऱ्याचं काम वेगळं. प्रकाशातले काही पट्टे पाणी गिळून टाकतं. आपल्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत. 970 नॅनोमीटरच्या आसपास थोडं गिळतं, 1450 च्या आसपास भरपूर. हॅलोजनच्या दिव्यांखालून पट्ट्यावरची ज्वारी सरकत जाते, वरचा कॅमेरा तिचं ओळीओळीनं चित्र घेतो आणि चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यावर शेकडो तरंगलांबींचा प्रकाश मोजतो. त्याआधी एक पांढरी फरशी दाखवून त्याला ‘सगळा प्रकाश’ शिकवावा लागतो आणि झडप लावून ‘पूर्ण अंधार’ शिकवावा लागतो. मग नमुने भट्टीत घालायचे, 105 अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचे, आधीचं आणि नंतरचं वजन लावून बघायचं. खरी ओल ती. कॅमेरा तिच्यावरून शिकतो.

पडद्यावर कोरडा दाणा नारिंगी दिसतो, ओला निळा. हे चित्र पाहिल्यापासून माझा सरासरीवरचा भरवसा उडाला. 13 टक्के सरासरीच्या मालात 17 टक्क्यांचा निळा पुंजका बसलेला असतो, आणि बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. कॅमेऱ्यालाही हद्द आहे. त्याला वरचे काही मिलिमीटरच दिसतात, ढिगाच्या पोटात काय आहे ते कळत नाही. म्हणून माल पसरून, पातळ थरात, पट्ट्यावरून न्यावा लागतो.

चौकशी आली ती धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याची. दारूच्या कच्च्या मालावर अशी नजर ठेवणं जगात सुरू झालेलं आहे. चीनमध्ये बाईज्यू नावाची दारू मुख्यतः ज्वारीचीच. उकडलेली ज्वारी, धान्याच्या विटा करून त्यावर वाढवलेलं विरजण आणि भाताचं तूस एकत्र करून जमिनीतल्या खड्ड्यात गाडून ठेवतात. पाणी वेगळं असं दिसत नाही. दमट चोथाच आंबतो, आणि त्यात साठेक टक्के ओल असते. कमी पडली तर जंतू मंदावतात, जास्त झाली तर आंबटपणा चढतो. म्हणून तिथले संशोधक अशाच कॅमेऱ्यांनी त्या चोथ्यातली ओल ठिपक्याठिपक्याला पाहतात. आपल्याकडची रीत वेगळी. दळलेला मका, तांदूळ, ज्वारी पाण्यात शिजवतात, विकरं घालून स्टार्चची साखर करतात, मग यीस्ट. टाक्यांत सगळं पातळच असतं. ओल मोजायच्या जागा दोन: गेटवर धान्य उतरताना, आणि शेवटी उरलेला चोथा वाळवून पशुखाद्य करताना. त्याला डीडीजीएस म्हणतात.

गेटवरच्या कॅमेऱ्याचा फायदा कारखान्याच्या माणसांनी मला नीट समजावून सांगितला. टनभर मक्यातून 380 लिटरच्या आसपास मद्यार्क निघतो. मी घरी येऊन हिशोब मांडला. मक्यात एक टक्का ओल जास्त असली तर टनामागे चार-साडेचार लिटर कमी निघतो. म्हणजे मी ज्या दशांशासाठी जीव तोडून काम करते तो दशांश तिथे लिटरमध्ये मोजला जाणार होता.

मी विचारात पडलेली बघून आमच्या वर्कशॉपमधले ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “ताई, मीटर काय दारू पितंय का? आपण ओल सांगायची. पुढं त्याचं काय करायचं ते त्यांनी बघावं.” माणूस सज्जन आहे, गळ्यात माळ आहे, दारूला शिवत नाही. त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं.

आमच्या परंपरेत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे असं वाटतं. अंगुत्तर निकायात उपासकानं कोणते पाच व्यापार करू नयेत ते सांगितलंय: शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी सम्यक आजीविकेची कसोटी आणखी सोपी केली. जी उपजीविका दुसऱ्याला इजा किंवा अन्याय करत नाही ती चांगली. पण व्यापार म्हणजे नेमका कुठपर्यंत? दारू विकणारा व्यापारात आहे. बाटली बनवणारा? बूच बनवणारा? मका पिकवणारा? उद्या मक्याची बियाणी तपासायचं काम आलं तर ते मी डोळे झाकून घेईन, आणि त्यातल्या किती मक्याची दारू होईल ते कुणालाच सांगता येणार नाही.

जालन्यात जैन समाज मोठा आहे, आणि हा प्रश्न त्यांच्याकडे फार बारकाईनं मांडलेला आहे. श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे त्यांच्यात मोजून दिले आहेत, त्यांना कर्मादान म्हणतात. त्यातल्या रसवाणिज्यात मद्य येतं. शेजारच्या जैन काकांना मी विचारलं, तर ते म्हणाले, “धंदा बघायचा बेटा. मनात काय आहे ते कोण बघतंय?” आमच्याकडे उलट आहे. चेतना हेच कर्म, असं बुद्धांनी सांगितलं. उपाली नावाच्या नालंदेच्या गृहस्थाशी झालेल्या संवादात वाद याच मुद्द्यावर आहे, की कायेनं केलेलं कर्म भारी की मनानं केलेलं. बुद्ध मनाकडे झुकतात. मग माझ्या मनात तर दारू बनवण्याचा हेतू नाही. सुटले का मी?

धम्मपदाच्या अट्ठकथेत कुक्कुटमित्त नावाच्या शिकाऱ्याच्या बायकोची गोष्ट आहे. राजगृहातल्या श्रीमंत घरची ती मुलगी लहानपणीच स्रोतापन्न झालेली होती, म्हणजे धम्माच्या वाटेवर पक्की. ती शिकाऱ्याबरोबर निघून गेली. नवरा म्हणायचा धनुष्य आण, बाण आण, जाळं आण, आणि ती आणून द्यायची. भिक्खूंनी विचारलं, ही हिंसा करते का? बुद्ध म्हणाले, नाही. तिच्या मनात मारण्याची इच्छा नाही. ज्या हाताला जखम नाही त्याला विष बाधत नाही.

ही गोष्ट मी जितकी वाचली तितकी ती मला माझ्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली. बाण देणारी ती, आकडा देणारी मी. माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं आणि अट्ठकथेचं म्हणणं एकच दिसत होतं. तरी माझं समाधान होईना, आणि का होईना ते कळायला वेळ लागला.

ती बाई बाण आणून देत होती, बाणाचा नेम सुधारत नव्हती. तिच्या हातून एक बाण गेला काय आणि दुसरा गेला काय, हरणाला फरक पडत नव्हता. मला बोलावलं होतं ते नेम सुधारायलाच. आणि दुसरं, त्या काळच्या बाईला नवऱ्याच्या घरात ‘नाही’ म्हणायची जागा किती होती? मला जागा आहे. माझ्याकडे कोटेशन मागितलं होतं, ते न देण्याचा अधिकार माझा होता. जिला नकार देता येतो तिचा होकार हीसुद्धा चेतनाच आहे. ‘माझा हेतू तसा नाही’ असं म्हणताना मी हे विसरू पाहत होते की हेतू फक्त मनात ठेवलेल्या इच्छेत नसतो, कळत असताना दिलेल्या संमतीतही असतो.

पण गेटवरून आत गेलेल्या मक्याचं पुढे काय होतं, ते खरंच एका रेषेत सांगता येत नाही. शिजवणं, आंबवणं, ऊर्ध्वपातन, सगळं एकच. शेवटी फाटा फुटतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल हवं असेल तर मॉलिक्युलर सीव्हमधून नेऊन उरलेलं जवळजवळ सगळं पाणी काढतात आणि शुद्धता 99 टक्क्यांच्या वर नेतात. प्यायचं असेल तर 96 टक्क्यांच्या आसपासचा शुद्ध मद्यार्क घेतात आणि त्यात उलट पाणी घालून बाटलीत 42.8 टक्क्यांवर आणतात. मोटारीच्या टाकीत जाणार की माणसाच्या पोटात, हे शेवटच्या थोड्याशा पाण्यावर ठरतं, आणि ते पाणी काढायचं की घालायचं हे माझ्या कॅमेऱ्यापासून खूप लांब, एका व्हॉल्व्हवर ठरतं. 2020 मध्ये करोनात याच डिस्टिलऱ्यांनी सॅनिटायझर बनवलं आणि ते आपण सगळ्यांनी हाताला चोळलं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळतात. जानेवारी 2024 मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे 71 रुपये 86 पैसे भाव ठरला आणि मक्याला गिऱ्हाईक मिळालं, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. मद्यार्क हा पदार्थ म्हणून शीलाबाहेर नाही. शील माणसाचं असतं.

पाण्याची बाजूही विसरता येत नाही, निदान मराठवाड्यात तरी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य उद्योगाचं पाणी आधी 50 आणि मग 60 टक्क्यांनी कापायला सांगितलं. इतर उद्योगांची कपात त्याहून कमी होती. न्यायालयानं तेव्हा पाण्याचा क्रम लावून दिला: आधी माणूस. आमच्या गल्लीत टँकर आला की भांड्यांची रांग लागायची, आणि मी दिवसभर दाण्यातलं पाणी टक्क्यात मोजून घरी येऊन त्या रांगेत उभी राहायचे. 2007 साली राज्यानं धान्यापासून मद्यार्क काढायला अनुदान देण्याचं धोरण आणलं, पुढे डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पावसानं काळी पडलेली ज्वारी विकली जाईल, असं बाजूनं सांगितलं जात होतं. काळी ज्वारी मी पाहिली आहे. ती पिकवणाऱ्याचा चेहराही पाहिला आहे. त्याला भाव मिळावा असं मला वाटतं. त्यासाठी दारूला सरकारी पैसा मिळावा असं मला तेव्हाही वाटलं नाही.

माझ्या आजीच्या आठवणीत जुन्या वस्तीवरची मरीआईची जत्रा होती. देवीला दारूची धार लागायची, मग ती वाटली जायची. दारू तिथे नैवेद्य होती, आणि ते लोक वाईट होते असं आजीनं कधी म्हटलं नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात मद्य न घेण्याची प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा वस्तीत पोहोचल्यावर आजोबांनी घेतली आणि बाटली सोडली. आजी सांगायची की दुसऱ्या दिवसापासून पगार घरात येऊ लागला. घरातल्या बाईला शील कळतं ते असं. मोहाच्या फुलांची दारू देवाला वाहणाऱ्या आदिवासींना ते मी शिकवायला जाणार नाही, त्यांचा देवाशी असलेला व्यवहार त्यांचा आहे. पण एमआयडीसीत पगाराच्या संध्याकाळी रोलिंग मिलमधून आठ तास आगीसमोर उभं राहून बाहेर पडलेला माणूस जेव्हा पहिल्याच दुकानात शिरतो, तेव्हा त्याचा व्यवहार कुठल्याच देवाशी नसतो. घरी वाट बघणारीचं नशीब मात्र त्या व्यवहारात असतं.

पाचव्या शीलात मद्य टाळायला सांगितलंय ते त्यातून बेसावधपणा येतो म्हणून. दारूच्या थेंबाला विटाळ म्हणून नाकारलेलं नाही. सावधपण सुटलं की बाकीची चारही शीलं सुटतात. बुद्धांचं भिक्खूंना शेवटचं सांगणंही सावधपणानं वाटचाल करा, असंच होतं. आणि इथे माझं खरं दुखणं मला सापडलं. माझं कामच सावधपणाचं आहे. पांढरी फरशी पुसणं, दिवा तापेपर्यंत थांबणं, भट्टीतलं वजन पुन्हा एकदा बघणं, एका निळ्या ठिपक्यासाठी सगळा माल थांबवणं. हे सगळं सावधपण मी एका टोकाला ओतायचं आणि दुसऱ्या टोकाला त्यातून बेसावधपणा लिटरनं बाहेर पडायचा, हे मला सोसणारं नव्हतं. पाप लागेल या भीतीपेक्षा हे जास्त खुपत होतं. आपल्या हातात जे सगळ्यात चांगलं आहे ते कशाच्या कामी येतंय, हे बघायलाच जर मी नकार दिला, तर मीही बेसावधच की.

वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. तिथे मी हे मांडलं. एका तरुण मुलानं विचारलं, “ताई, तुम्ही नाही केलं तर पुण्याहून दुसरं कुणी येऊन करेल. मग फरक काय?” खरंच करेल. पण शील हे मी घेतलेलं आहे, पुण्याच्या माणसानं काय करावं ते मी ठरवणार नाही. दुसरा करेल म्हणून मी करते, या वाटेनं कुठलंच शील उरत नाही. चोरीही दुसरा करेलच.

एका वयस्कर आजोबांनी मात्र अडचणीचा प्रश्न विचारला. गेटवर शेतकऱ्याची जी लूट होते तिचं काय? ओल जास्त म्हणून वजनात घट धरतात. मीटर त्यांचा, नमुना त्यांचा, पोत्यात पोकळ सळई कुठे खुपसायची तेही त्यांचंच. सोयाबीनच्या बाजारात तर ‘हवा (म्हणजे ओल), माती, डागी’ हे तीन शब्द ऐकले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये हमीभावाच्या सोयाबीन खरेदीत ओलीची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली, तेव्हा तीन टक्क्यांनी किती घरांचा श्वास मोकळा झाला ते आम्ही पाहिलं. कॅमेरा सगळा माल बघतो, सळईनं निवडलेली मूठ नाही. तो लावला तर अन्याय कमी होईल. आणि अन्याय न करणं हाही सम्यक आजीविकेचा अर्धा भाग आहे. मग नकार देऊन मी शेतकऱ्याला सोडून देते आहे का?

या प्रश्नानं मला काही दिवस झोप लागू दिली नाही. शेवटी मी एक कसोटी धरली. माझ्या आकड्यानं बाटलीत जाणारे लिटर वाढतात का? वाढत असतील तर ते काम माझं नाही. ज्या कारखान्याचा मद्यार्क पिण्यासाठी जातो त्याच्या गेटवर कॅमेरा बसवायला मी नकार दिला. फक्त इंधनाचं इथेनॉल करणाऱ्यांकडे मी काम घेते, पण आधी विचारते, आणि एक अट घालते: आकड्याची छापील चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडली पाहिजे, ओलीच्या चित्रासकट. आणि शेतकऱ्याच्या न्यायासाठी कारखान्याचं गेट हीच एक जागा नाही. एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात आम्ही तसाच कॅमेरा लावला. माल निघण्याआधीच त्यांच्या हातात त्यांचा आकडा असतो. गेटवर कुणी 16 म्हणालं तर ते आपली चिठ्ठी काढून दाखवतात. वाद होतो, पण आता तो दोन आकड्यांत होतो, आकडा आणि गयावया यांच्यात नाही.

माझ्या सहकाऱ्यांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, इंधन करणाऱ्यानं उद्या परवाना बदलला तर? ते खरं आहे. तेव्हा मी पुन्हा विचारीन. एकदा घेतलेला निर्णय कपाटात ठेवून निश्चिंत राहावं, असं सावधपण नसतं. आमचे कॅमेरेही दर हंगामात भट्टीच्या आकड्याशी पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.

नकार दिलेल्या त्याच डिस्टिलरीनं आता डीडीजीएसच्या ड्रायरवर कॅमेरा लावण्याविषयी विचारलंय. हा चोथा गाई-म्हशींच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. वाळवताना ओल जास्त राहिली तर त्यात बुरशी वाढते, आणि तिचं अफ्लाटॉक्सिन जनावराच्या पोटातून दुधात उतरतं. ते दूध जालन्यातलीच लेकरं पिणार. इथे माझ्या आकड्यानं दारूचा एक थेंब वाढत नाही. कारखान्याचे पैसे वाढतील, हे खरं, आणि त्यावर विहारात मतं पडली आहेत. काही जण म्हणतात, त्या दारातूनच जाऊ नको. मी म्हणते, दूध पिणाऱ्या लेकरानं ते दार निवडलेलं नाही. मी त्यांना होकार कळवलाय, आणि भट्टीसाठी ओल्या चोथ्याचे, अर्धवट वाळलेल्याचे, पूर्ण वाळलेल्याचे नमुने वेगवेगळ्या बंद डब्यांत पाठवायला सांगितलंय.